आई पाहावी दुसऱ्याची

16 वर्षांच्या मुलीशी संवाद साधण्याचे दोनच खात्रीचे मार्ग आहेत. एक, तिच्या मैत्रिणीमार्फत. दोन, बंद दारातून. समोरासमोर बसून बोलण्याचा तिसरा मार्ग फक्त कॉफीच्या जाहिरातींत असतो. त्यात आई वाफाळते दोन मग घेऊन येते, मुलगी हातातलं पुस्तक मिटते आणि दोघी खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहून हसतात. आमच्या खिडकीतून बी विंगचे वाळत घातलेले गाऊन दिसतात. आणि मी मग घेऊन गेलेच, तर आतून आवाज येतो, "दार वाजवून ये ना!" हात दोन, मग दोन. वाजवू कशानं, कपाळानं?

दहावीपर्यंत या मुलीला आम्ही चिऊ म्हणायचो. अकरावीला प्रवेश मिळाला त्याच दिवशी फतवा निघाला: घरात, घराबाहेर, फोनवर, कुठेही चिऊ म्हणायचं नाही.

"मग काय म्हणायचं?"

"माझं नाव आहे ना!"

नाव आहे. बारशाला आत्यानं कानात सांगितलं, त्यानंतर ते फक्त आधार कार्डावर सापडतं. मी मनातल्या मनात बराच सराव केला. पण सुपरमार्केटच्या गर्दीत ती दिसेनाशी झाली आणि तोंडातून जे निघायचं तेच निघालं. "चिऊऽऽ!" डाळींच्या रांगेतल्या तीन छोट्या मुलींनी वळून पाहिलं. आमची वळली नाही. ती शॅम्पूच्या रॅकपाशी पाठमोरी उभी राहून एका बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होती. घरी येईपर्यंत तिनं मला ओळख दाखवली नाही. पिशव्याही तिनं तिच्या आणि मी माझ्या, अशा दोन अनोळखी बायकांनी शेजारी शेजारी चालत आणल्या.

या बाबतीत मला न्याय मागायलाही जागा नाही, कारण गुडघ्याच्या ऑपरेशनपासून माझी आई आमच्याकडेच असते आणि ती मला बेबी म्हणते. मी 47 वर्षांची आहे. बँकेत गृहकर्जाचं टेबल सांभाळते. माझ्या सहीवाचून डोंबिवलीतल्या कित्येकांच्या डोक्यावर छप्पर येत नाही. पण लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी असताना दारातून हाक येते, "बेबी, कोथिंबीर आण गं, आणि मागच्यासारखी पिवळी नको, नीट बघून घे!" तेव्हापासून सेक्रेटरी मेन्टेनन्सची थकबाकी मागतानासुद्धा माझ्याशी फार मायेनं बोलतात.

अशा आमच्या घरात सिनेमा शिरला तो कन्येच्या क्लासमुळे. वर्षाची फी भरून झाल्यावर क्लासवाल्यांना पालकांच्या मनःस्वास्थ्याची आठवण झाली आणि त्यांनी पालकसभा घेतली. समुपदेशक बाई फार गोड होत्या. मुलांशी कनेक्ट व्हा, म्हणाल्या. त्यांना क्वालिटी टाइम द्या. एकत्र बसून सिनेमा पाहा, त्यातल्या पात्रांविषयी बोला. स्वतःविषयी जे बोलता येत नाही ते पात्रांच्या निमित्तानं आपोआप बोललं जातं. सगळ्या आया वहीत लिहून घेत होत्या. एका वडिलांनी हात वर केला. "मॅडम, कनेक्ट झाल्यावर सीईटीचा स्कोअर साधारण किती वाढतो?"

मी घरी येऊन जाहीर केलं की दर शनिवारी रात्री आपण एकत्र सिनेमा पाहणार आणि तोही आई-मुलीचाच पाहणार.

"म्हणजे क्रिंज," कन्या म्हणाली.

"म्हणजे काय?" आई म्हणाली.

"म्हणजे हे जे चाललंय ते," कन्या म्हणाली.

आता, आमच्याकडे सिनेमा बघण्यापेक्षा निवडायला जास्त वेळ लागतो. रिमोटनं एकेक अक्षर शोधून नाव टाइप करायचं. 'न' वर जायचं तर तो 'प' वर जातो, परत आणावा तर थेट भोजपुरी विभाग उघडतो. आई म्हणाली, "एवढ्या वेळात टॉकीजला जाऊन, ब्लॅकनं तिकीट काढून, मध्यंतरात वडा खाऊन झाला असता." नवरा दिवाणावर आडवा होता. घरात कुठलीही मोहीम सुरू झाली की तिला नैतिक पाठिंबा देऊन तो झोपतो.

पहिला मान 'निल बट्टे सन्नाटा'चा. अश्विनी अय्यर तिवारीचा 2016 चा सिनेमा. आग्र्याची चंदा घरकाम करून मुलीला शिकवते आणि मुलगी अपेक्षा म्हणते, कामवालीची मुलगी कामवालीच होणार, शिकून करू काय? दहावीचं वर्ष, त्यात गणिताशी हाडवैर. मग आईच मुलीच्या वर्गात नाव घालून बाकावर येऊन बसते. स्वरा भास्करनं आईचं काम केलंय, हेडमास्तर पंकज त्रिपाठी आहे. आता यात कुणाची बाजू कोण घेणार, हे सांगायला ज्योतिषी नको, असं मला वाटत होतं.

मध्यंतरापर्यंत कन्येच्या डोळ्यांना धार. "किती करते गं ती तिच्यासाठी! आणि ती मुलगी बघ. कृतघ्न!"

"अगं, पण त्या पोरीचा विचार कर की," मी म्हणाले. "शाळेत मैत्रिणींसमोर स्वतःची आई गणवेश घालून बसलीये! काही मोकळीक आहे का नाही त्या जिवाला?"

हे वाक्य कुणाच्या तोंडून निघालं, हे बघायला नवरा झोपेतून उठला.

माझ्या आईची बाजू तिसरीच. तिला आवडली ती चंदाची मालकीणबाई, रत्ना पाठक शाहांनी केलेली डॉक्टर. "बघा, बाई स्वतः कामवालीला शाळेत घालते. आणि इथं ती बिचारी भाच्याच्या मुंजीला दोन दिवस सुटी मागायला आली तर तुम्ही दोघी मायलेकी मिळून पंचांग काढता." आमची एकी होते ती एवढ्या एका विषयावर, तीही आईनं चव्हाट्यावर आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पिता पिता सहज विचारलं, "तुझ्या फिजिक्सच्या बॅचला अजून जागा असेल का गं? मीही येते म्हणते." कप खाली ठेवायच्या आत कन्या टेबलाशी बसून रोटेशनल मोशन सोडवत होती. या सगळ्या उपक्रमाचा मोजता येण्याजोगा फायदा झाला असेल तर तो एवढाच.

पुढच्या वेळी तिनं 'टर्निंग रेड' लावला. कार्टून आहे म्हणून मी निर्धास्त होते. 2022 चा पिक्सारचा सिनेमा, डोमी शी नावाच्या बाईंनी केलेला. 2002 चं टोरांटो, 13 वर्षांची मेई आणि तिची आई मिंग. भावना अनावर झाली की मेईचा भलामोठा तांबडा पांडा होतो. मला वाटलं, यात काय नवीन? आमच्याकडे होतो तो पांडा निदान तांबडा नसतो. पण सिनेमातली आई पुढे निघाली. मुलीच्या वहीत दुकानातल्या एका पोराची चित्रं सापडतात, तर ही बाई वही घेऊन थेट त्या दुकानात, सगळ्यांसमोर! नंतर शाळेच्या आवारात झाडामागे लपून वर्गात डोकावते आणि रखवालदाराशी झटापट करत सॅनिटरी पॅडचं खोकं उंच धरते.

कन्येनं सिनेमा थांबवला. माझ्याकडे वळून काही न बोलता नुसती बघत राहिली.

"मी कधी झाडामागे लपले?" मी म्हणाले.

"तू रेनकोट घेऊन आली होतीस. वर्गात. केमिस्ट्री चालू असताना. आणि सरांना म्हणालीस, हिला सर्दीची ॲलर्जी आहे, पंख्याखाली बसवू नका."

"मग? होती ना ॲलर्जी?"

"अख्खं वर्ष मला सगळे 'पंखा' म्हणत होते, आई!"

सिनेमाच्या शेवटाकडे मिंगचाही पांडा बाहेर येतो आणि तो मुलीच्या पांड्याच्या कितीतरी पट, इमारतीएवढा मोठा निघतो. माझी आई खुर्चीत पुढे सरकली. "हा मी पाहिलेला आहे," ती म्हणाली आणि नातीच्या कानात काहीतरी सांगू लागली.

"आई, काय सांगतेयस तिला?"

"काही नाही गं. तू आपला पिक्चर बघ."

कन्येच्या चेहऱ्यावर हळूहळू जो आनंद उमलत गेला, तसा मी तिच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. झालं असं की आईनं फडके रोडचं प्रकरण फोडलं होतं. डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण मंडळी नटूनथटून जमतात, हे आमच्या काळातही होतंच. तर त्या सकाळसाठी मी, अकरावीत असताना, नव्या ड्रेसच्या बाह्या शिवणाऱ्या काकूंकडून परस्पर कापून आणल्या होत्या आणि घरात कुणाला कळू नये म्हणून वरून आजोबांची शाल पांघरून बाहेर पडले होते. "ऑक्टोबरच्या उकाड्यात गं! लोकरीची शाल! मी विचारलं तर म्हणते, कणकण आहे."

"आणि?" नात.

"आणि काय, परत आली तेव्हा खरंच घामेजून ताप भरला होता. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. जशी काही शाल मीच पांघरली होती."

मी सिनेमा पुन्हा चालू केला आणि आवाज जरा मोठा ठेवला.

एवढ्या पूर्वतयारीनंतर आला 'लेडी बर्ड'. ग्रेटा गर्विगचा 2017 चा सिनेमा. गर्विग मूळची कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोची, गोष्टही तिथलीच, 2002-03 मधली. कॅथलिक शाळेत शेवटच्या वर्षाला असलेली क्रिस्टीन, डबल शिफ्ट करणारी तिची नर्स आई मॅरियन, आणि नोकरी गेली तरी गोडवा न गेलेले वडील. क्रिस्टीननं घरच्यांनी ठेवलेलं नाव रद्द करून स्वतःला 'लेडी बर्ड' म्हणवून घ्यायला सुरुवात केलेली.

"बघ," कन्या म्हणाली.

"बघतेय. तिनं हट्टानं पाखराचं नाव घेतलं. तुला ठेवलेलं नको."

सुरुवातीलाच गाडीतला प्रसंग. मायलेकी स्टाइनबेकची कादंबरी कॅसेटवर ऐकतायत, दोघी एकाच वेळी रडतायत, दोघींचं किती गूळपीठ! मिनिटभरात कॉलेजवरून वाजतं आणि मुलगी चालत्या गाडीचं दार उघडून सरळ बाहेर उडी घेते. हात मोडतो, गुलाबी प्लास्टर चढतं. "अगंबाई!" आई ओरडली. नवरा दिवाणावर उठून बसला आणि "काय पडलं?" म्हणून स्वयंपाकघरात बघून आला.

कन्या मात्र अभ्यासू नजरेनं बघत होती. आमचीही भांडणं वाहनातच पेटतात. पण ते वाहन म्हणजे स्टेशनवरून येणारी शेअर रिक्षा. मागे आम्ही दोघी आणि मध्ये पिशवी मांडीवर घेतलेले एक काका. उडी मारायची तर आधी "काका, जरा पाय घ्या" म्हणावं लागतं. काका पाय घेतात, पिशवी सांभाळतात, "काय झालं बाळा?" विचारतात, तोवर रागातली हवा जाते. शिवाय उतरलं कुठेही तरी सीटचे पूर्ण पैसे द्यावे लागतात.

या सिनेमात बाजू उघडच फिरल्या. "ती मॅरियन किती दमते गं!" कन्या कळवळून म्हणाली. "रात्रीची ड्यूटी करून येते, वर हिचा ड्रेस शिवत जागते. आणि ही बया कपड्यांच्या घड्यासुद्धा करत नाही." हे उद्गार ज्या खुर्चीतून निघाले त्या खुर्चीच्या पाठीवर शुक्रवारपासूनचे कपडे होते. मी काही बोलले नाही, कारण मी मुलीच्या बाजूनं पेटले होते. "न्यूयॉर्कला जायचंय ना तिला, जाऊ दे की! पंख कापून घरात बसवून ठेवायचंय का पोरीला?"

"मला पुण्याला इंजिनीअरिंगला पाठवणार?" कन्येनं पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

"पुणं फार लांब पडतं."

"तीन तास, आई."

"तो प्रश्न वेगळा आहे."

मग तो प्रसंग आला. भांडणाच्या भरात मुलगी कागद-पेन घेऊन आईसमोर उभी राहते: मला वाढवायला किती खर्च आला तो आकडा सांग, कमावून सगळा फेडते आणि मग आपला संबंध संपला. मॅरियन म्हणते, एवढा पगार देणारी नोकरी तुला मिळेल असं मला वाटत नाही.

"आयडिया चांगली आहे," कन्या म्हणाली. माझ्या टेबलावर रोज काय चालतं, याचा तिला विसर पडला होता. मी सिनेमा थांबवला आणि कॅल्क्युलेटर आणला. प्रसूतीचं बिल, शाळा, क्लास, दातांच्या तारा, भरतनाट्यमचे घुंगरू, ते बंद पडल्यावर घेतलेली गिटार, ती बंद पडल्यावर घेतलेले स्केट्स. शिक्षण संपेपर्यंत हप्त्यांना मुदत, त्यानंतर दरमहा.

"व्याजदर?" कन्या.

"फ्लोटिंग. माझ्या मूडवर."

"जामीनदार कोण?"

"आजी."

"मी जामीनदार नाही," माझी आई म्हणाली. "मी मूळ सावकार आहे. बेबीकडून माझं येणं आहे, ते आधी." आणि ती बोटांवर मोजू लागली. टॉन्सिल. हरवलेल्या छत्र्या. टायपिंगचा क्लास. बी.कॉम. लग्नाचा हॉल, आणि त्यात जावयानं ऐन वेळी वाढवलेली पानं. नवऱ्यानं डोळे पुन्हा मिटून घेतले. चक्रवाढीनं हिशेब निघाला तेव्हा लक्षात आलं की कन्येचे सगळे हप्ते माझ्या खात्यावरून परस्पर आईकडे वळते करावे लागणार.

"आणि आजी, तुझ्या आईचं किती राहिलंय?" कन्येनं विचारलं.

आईनं रिमोट उचलला. "लाव गं पुढे. ती पोरगी जाते का नाही ते बघू."

म्हणतात की गर्विगच्या संहितेचा एक खर्डा साडेतीनशे पानांच्या वर गेला होता. सिनेमा 94 मिनिटांत बसवला, ही त्या बाईची कमाल. आमच्या घरात साडेतीनशे पानं ओल्या टॉवेलवर लिहून होतील. ऑस्करला त्याला पाच नामांकनं होती, मॅरियनचं काम करणाऱ्या लॉरी मेटकाफलाही एक. हाती एकही लागलं नाही. साहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस त्या वर्षी 'आय, टोन्या'साठी ॲलिसन जॅनीला मिळालं. तीही आईच, फक्त जेवणाच्या टेबलावर मुलीला सुरी फेकून मारणारी. मी हे वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "बघ. शिवत बसणाऱ्या आईला कोण विचारतं?"

इथवर आल्यावर माझ्यातल्या बँकवालीला मूळ दोष सापडला. बँकेत अधिकाऱ्याची दर काही वर्षांनी बदली होते. एका शाखेत माणूस फार काळ बसला की त्याला सगळ्यांची अंडीपिल्ली कळतात, तो जुन्या फायली उकरतो आणि ग्राहकाला जाच होतो. आई हे मात्र जगातलं एकमेव पद, ज्याला बदलीची सोय नाही. सलग 16 वर्षं एकाच काउंटरवर एकच ग्राहक! तक्रारी येणार नाहीत तर काय?

यावर अमेरिकेत विचार झालेला आहे. मेरी रॉजर्स यांनी 1972 मध्येच 'फ्रीकी फ्रायडे' लिहून मायलेकींची शरीरंच बदलून टाकली. त्यावर 1976 मध्ये सिनेमा झाला, 2003 मध्ये पुन्हा झाला, 2025 मध्ये पुढचा भागही आला. म्हणजे मागणी आहे. पण तो उपाय मला झेपणारा नाही. मला तिच्या जागी सीईटीला बसावं लागेल आणि ती माझ्या खुर्चीत बसून दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांची कर्जं माफ करून येईल. त्यापेक्षा साधी बदली बरी. चार्ज देताना एक यादी द्यायची: भेंडी चालते, दुधी चालत नाही, सकाळी नऊच्या आत हाक मारू नये, मैत्रिणीचं नाव विचारावं, आडनाव विचारू नये.

योगायोगानं प्रयोग घडलाच. पूर्वपरीक्षेच्या आदल्या शनिवार-रविवारी कन्येनं जाहीर केलं की घरात अभ्यास होत नाही, ती समोरच्या फ्लॅटमध्ये मैत्रिणीकडे जाणार, तिथं शांतता असते. त्याच वेळी ती मैत्रीण वह्या घेऊन आमच्या दारात. "काकू, आमच्याकडे अभ्यासच होत नाही. तुमच्याकडे किती शांत असतं!" दोघी लिफ्टपाशी एकमेकींना "ऑल द बेस्ट" म्हणून इकडच्या तिकडे झाल्या.

काय सांगू त्या मुलीबद्दल! तिनं दुधी खाल्ला. मागून घेतला. आपलं ताट आपण घासलं. माझ्या आईकडे गुडघ्याची चौकशी केली आणि पूर्ण उत्तर ऐकून घेतलं, जे माझ्या माहितीत त्या हाडवैद्यानंही केलेलं नाही. आणि रात्री म्हणाली, "काकू, तुम्ही किती चिल आहात!" मी तिला म्हटलं, जरा मोठ्यानं म्हण. नवऱ्याला ऐकू आलं नसेल.

रविवारी मात्र मला राहवेना. पोरगी मान वाकडी करून वाचत होती. मी आपलं प्रेमानं म्हटलं, "बाळा, पाठ सरळ." ती म्हणाली, "हो काकू." थोड्या वेळानं म्हटलं, "डोळ्यांना त्रास होईल, लाइट लाव." "होऽ काकू." मग म्हटलं, "मोबाइल जरा बाजूला ठेवलास तर..." आणि त्यावर जे "होऽऽऽ" आलं, त्याची चाल माझ्या फार ओळखीची होती. चालीला फक्त 'काकू' जोडलेलं होतं, म्हणून मला काही म्हणता येईना.

संध्याकाळी आमची परत आली. चेहरा उतरलेला.

"काय झालं? काकू काही बोलल्या?"

"नाही गं. खूप छान आहेत त्या. पोहे काय केले होते!"

"मग?"

ती बुटांच्या नाड्या सोडत बसली. "त्यांनी पण सांगितलं, पाठ सरळ कर, लाइट लाव. पण तिथं नीट चिडताच येत नाही गं. नुसतं हसून 'हो काकू' म्हणायचं. दोन दिवस! माझं डोकं दुखायला लागलंय." आणि खोलीत जाऊन तिनं दार असं आपटलं की बी विंगचे गाऊन हलले. माझी आई जपमाळ खाली ठेवून म्हणाली, "आली बाई पोर घरी."

दिवाळी तोंडावर आली तशी फडके रोडची खरेदी निघाली. आम्ही दोघीच गेलो. पहिल्याच दुकानापासून चकमक सुरू. मला पसंत पडलेल्या प्रत्येक कुर्त्याला ती "हा बँकेत घालून जा" म्हणायची, तिनं काढलेल्या प्रत्येकाला मी "याचा उरलेला भाग कुठाय?" विचारायची.

"याला बाह्या का नाहीत?"

"शाल घेऊन येऊ?"

"आजीला मी सांगणार आहे, तुला काही सांगायचं नाही म्हणून."

"मग मला कोण सांगणार? तू तर म्हणालीस कणकण होती!"

दुकानदार गादीवर बसून एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याच्या पोऱ्यानं कपाटातली थप्पी खाली ओढली, त्यातून मोरपिशी रंगाचा एक कुर्ता घसरून बाहेर आला, आणि भांडणाचं वाक्य अर्ध्यावर टाकून आम्ही दोघी एकदम म्हणालो, "अय्या, हा!"

"शेवटचा पीस आहे, ताई," दुकानदार म्हणाला. "दोघींनाही बसेल. कुणासाठी करू?"

"हिच्यासाठी," मी म्हणाले.

"हिच्यासाठी," ती म्हणाली. "तू घे, आई. बाह्या नाहीयेत, पण आता तुला शाल लागणार नाही."

"मला कशाला? माझे दंड बघितलेस का? तुला फडके रोडला जायचंय, तूच घे."

"मी म्हणतेय ना, तू घे!"

"आणि मी म्हणतेय, तू घे! प्रत्येक गोष्टीत वाद घातलाच पाहिजे का?"

"मी वाद घालतेय? मी? एवढं चांगलं काहीतरी द्यायला जावं, तर..."

"द्यायला? पैसे कोण देतंय?"

"लाव! हप्त्यात लाव!"

दुकानदारानं कुर्त्याची घडी घातली, ती काउंटरखाली सरकवली आणि आमच्या मागे उभ्या असलेल्या मायलेकींना विचारलं, "बोला ताई, तुम्हाला काय दाखवू?"